चौथा मणी

"आधी मागची बाजू लाव, ताई. पुढची काय, सगळ्यांना पाठ असते."

हा सुबोधचा जुना आवाज. आत्ताचा त्याचा आवाज निराळा आहे. स्वतःला ऐकू येईनासं झालेल्या माणसाचा, नको तिथे चढणारा आणि हवा तिथे विरून जाणारा. हा मात्र कांदिवलीच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांमधला, नुकतं मिसरूड फुटलेल्या वाह्यात पोराचा. सोमवारी सकाळी देवापुढे बसले असताना तो माझ्या कानाशी आला, त्याचं कारण मोबाईल. स्तोत्र संपलं. संपलं की ऋतिका येऊन मोबाईल बंद करते, कारण माझा उजवा हात तोवर गोमुखीत गेलेला असतो, आणि त्या पिशवीतल्या माळेवरून हात एकदा काढला की जप मोडला. आज ऋतिका आली नाही. समईची वात नीट उभी राहिली होती, जास्वंदीचं फूल अजून ओलं होतं, आणि देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून कुणीतरी खोकलं. परक्या देशातला, सर्दी झालेला, ओळखीचा खोकला. मग लाकडी खुर्ची करकरली. मग कुणीतरी दबकं हसलं, काठीवर काठी वाजली, आणि ढोल सुरू झाला.

"आई, सॉरी, सॉरी," ऋतिका केसांची क्लिप दातांत धरून धावत आली. "कालचं मामाचं गाणं रांगेत राहिलं वाटतं. थांब, बंद करते."

मी डावा हात वर केला.

"राहू दे? देवापुढे?"

मी मान हलवली. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "काय गं, देव्हाऱ्यात कोण शिरलंय?"

"बाबा, आई रॉक ऐकतेय."

"सोमवारी? मग मेहुणा आला असणार," हे हसत म्हणाले. वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज ऐकू आला. सुबोध येत नाही आता. सुबोध खाडीपलीकडे गोराईला पास्कलच्या खोलीत असतो, आणि पौषातल्या ऑपरेशननंतर त्याला काहीच ऐकू येत नाही.

गाणं कालपासून रांगेत का होतं, तेही सांगते. काल संध्याकाळी सुबोधचा मेसेज आला. तो हल्ली लिहितोही क्वचित. "ताई, ते खोकल्याचं गाणं कसं सुरू व्हायचं? खोकला आठवतो. पुढचं गेलं." मी लिहिलं, "मग खुर्ची." त्याने लिहिलं, "ते माहितीये गं. खुर्चीनंतर? कानात शिट्टी वाजते दिवसभर, तिच्याखाली एकेक बुडत चाललंय. काल तीन गाणी शोधली, नाही सापडली." काय लिहिणार? धडधड, असं लिहू? ऋतिकाने ते गाणं शोधून दिलं, पण दिवेलागणीची वेळ होती, मी म्हटलं उद्या ऐकते. उद्या सोमवार आहे आणि सोमवारी माझं मौन असतं हे त्या क्षणी लक्षात नव्हतं. ऐकायला मौन आड येत नाही म्हणा. उलट माझं सगळं ऐकणं मौनातच झालेलं आहे.

मौन हे आईचं व्रत. सोमवारी अंघोळ झाल्यापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. गिरणी बंद पडली त्या वर्षी तिने ते घेतलं. बाबा लालबागहून कांदिवलीला आले, कुठल्याशा सोसायटीत वॉचमन झाले, आणि घरातला एक माणूस आठवड्यातून एक दिवस गप्प राहिला तर देव काही ऐकेल, असं तिला वाटलं असावं. तिच्या पाठोपाठ मी घेतलं, आणि घेतलेलं टाकलं नाही. माझं बाकीचंही तसंच आहे. मंगळवार, संकष्टी, चातुर्मासात एखादी भाजी सोडणं. लोकांना वाटतं की नलिनी फार सोशिक. खरं म्हणजे मला नेमाचा आधार वाटतो, जिन्याच्या कठड्यासारखा. सुबोधला त्यातलं काही नव्हतं. तो मालाडच्या कॉलेजात जायचा, आणि स्टेशनबाहेरच्या एका कॅसेटवाल्याकडून परदेशी कॅसेटी उसन्या आणायचा. बाबांना तो आवाज खपायचा नाही. आईला डोकं दुखायचं. मी एरवी "बंद कर रे ते" म्हणायचे. मग त्याला सोमवारचा शोध लागला.

"आज तू बोलू शकत नाहीस, म्हणजे आज तू माझी," तो म्हणाला. बाबा ड्युटीवर, आई देवळात, मी भिंतीला टेकून गोमुखीत हात घालून बसलेली. त्याने टेपरेकॉर्डर माझ्यासमोर आणून ठेवला. मी हाताने 'नको' केलं. "काय? आवाज वाढवू? बरं, वाढवतो." मी जमिनीवर तळवा आपटला. "ताल धरतेस? वा ताई, वा! नाही म्हणायचं तर तोंडाने म्हण ना. म्हण! नाही ना म्हणत? मग आवडलंय तुला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांड्यांचं फडताळ कोसळल्यासारखं वाटलं मला. मी डोळे मिटून जप चालू ठेवला. फडताळ कोसळत राहिलं. आणि कुठल्या सोमवारी ते आठवत नाही, पण एका सोमवारी त्या कोसळण्यात एक माणूस उभा दिसला. एकटाच. काहीतरी सांगत होता, आणि कुणी ऐकेल अशी त्याची अपेक्षा नव्हती.

तेव्हा सुबोधने मला मागच्या बाजूचं सांगितलं. मी विचारू शकत नव्हते म्हणूनच त्याने इतकं सांगितलं असेल. "तिकडे ना, ताई, एकेक गाणं सुटं विकतात. छोटी तबकडी. पुढच्या बाजूला ते गाणं, जे रेडिओवर वाजवायचं, ज्याच्या जिवावर सगळं चाललंय. पण तबकडीला मागची बाजूही असते ना? ती कोरी कशी ठेवणार? मग तिच्यावर काहीतरी टाकतात. अल्बमात बसलं नाही ते, घाईत केलेलं, कुठे नुसतं गुणगुणलेलं. कुणी ऐकणार नाही असंच धरून चालायचं. आणि कुणी ऐकणार नाही म्हटल्यावर माणूस कसा गातो, ते बघ!" मग कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्या सगळ्या मागच्या बाजू गोळा करतं, आणि एकाच कॅसेटीत बांधतं. ही ती कॅसेट. इंग्लंडातल्या कुठल्याशा गिरणीच्या गावातली चार मुलं. त्यांचं नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही. माझ्या मनात ती 'चौघं' एवढीच होती. गिरण्या त्यांच्याकडेही बंद पडल्या होत्या म्हणे. हे सुबोधने सांगितलं तेव्हा मी डोळे उघडले होते.

"अल्बम म्हणजे पहिली पंगत," तो म्हणायचा. "रांगोळी, उदबत्ती, यजमान आग्रह करतायत, सगळे पाठ ताठ करून बसलेत. आणि हे म्हणजे शेवटी तुम्ही बायका स्वयंपाकघरात पातेल्याभोवती बसता ना, ते." त्याला हे कसं कळलं होतं कोण जाणे. मी तोवर पुष्कळ शेवटच्या पंगतींना बसले होते. तिथे वरण खाली लागलेलं असतं, जिलबी मोडकी, पानं संपलेली म्हणून परातीतच दोघी-तिघी. पण मंजुळामावशी नवऱ्याची नक्कल करायची ती तिथेच, आणि माझ्या चुलतबहिणीने आपल्याला हे स्थळ नको होतं, हे सांगितलं तेही तिथेच, पापडाचा तुकडा मोडता मोडता. पहिल्या पंगतीतलं कुणाचं काही मला आठवत नाही. ही चौघंही तशी पातेल्याभोवती बसलेली होती. एका गाण्यात गाणारा मुलगा शब्दच विसरतो आणि नुसता 'हं हं' करत पुढे जातो. ते त्यांनी तसंच राहू दिलंय. एकात बाहेर कुत्रं भुंकतं. आणि गाणी वेगवेगळ्या वर्षांची असल्यामुळे ऐकता ऐकता तो मुलगा मोठा होत जातो. पहिल्या गाण्यात त्याचा गळा कोवळा, काचेसारखा. शेवटाकडे येईपर्यंत त्यात धूर भरलेला, दुःख बसलेलं. मधली वर्षं कुठे गेली ते कुणी सांगत नाही. दोन गाण्यांच्या मधल्या सुनसान जागेत एखादं वर्ष निघून गेलेलं असतं. मला त्या जागेचं भय वाटायचं, आणि ओढही. आमच्या गावी देवीच्या देवळाला मागून एक भिंत आहे. पुढे घंटा, पुजारी, दागिने घातलेली देवी. पण प्रदक्षिणा घालताना बायका मागे गेल्या की गाभाऱ्याच्या त्या भिंतीला कपाळ टेकतात आणि जे बोलायचं ते तिथे बोलतात. भिंत कपाळांनी काळी, तेलकट झालीय. देवीची पाठ तिथे आहे, असं म्हणतात. त्या कॅसेटीला कान लावून मी जे ऐकत होते ते तिथलं होतं. मला इंग्रजी फारसं कळत नाही. पण मागच्या भिंतीशी कोण काय पुटपुटतंय, ते शब्दांनी कुठे कळतं!

लग्न होऊन मी बोरिवलीला आले. सुबोध अंधेरीला औषधांच्या कंपनीत लागला. सोमवारी त्याला कसली सुट्टी मिळायची! तरी महिन्यातून एखाद्या सोमवारी तो हाफ डे टाकायचा आणि यायचा. कॅसेटीच्या जागी सीडी आली, सीडीच्या जागी मोबाईल. हे म्हणायचे, "मेहुणे आले. आज घरात गोंगाट आणि मौन, दोन्ही." दोघं चहा प्यायचे, मी जपाला बसायचे, आणि सुबोध विचारायचा, "काय ताई, आधी मागची बाजू?" मोबाईलला कसली आलीय बाजू! पण विचारायचा. त्याने लग्न केलं नाही. कारण कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी मागच्या बाजूचा माणूस, भाऊजी. माझ्यावर कुणी पैसे लावत नाही." सगळे हसायचे. मी हसायचे नाही. मी मौनात असायचे, त्यामुळे चालून जायचं.

सगळं आठवत असताना गाणं चालूच होतं. गाणारा अजून आला नव्हता, तो उशिरा येतो. नुसता ढोल आणि त्याखाली एक जाडसर तार. ऋतिका दारातच क्लिप हातात घेऊन उभी. मी डोळे मिटले आणि जप पुढे चालवायला अंगठा माळेवर ठेवला, तेव्हा कळलं की जप थांबलेलाच नव्हता. गोमुखीत अंगठा मणी ओढत होता. एक, दोन, तीन, आणि चौथ्या मण्यावर तो थांबला. जरासाच. मग चौथा सरकला. त्याच क्षणी देव्हाऱ्याखाली ढोलाचा चौथा ठोका पडला, त्याच्या नेहमीच्या उशिराने.

मला वाटलं की भास झाला. पुन्हा लक्ष दिलं. एक, दोन, तीन. अंगठा थबकला. बाहेर तो ढोलवाला थबकला. दोघांनी मिळून एक श्वास घेतला, आणि चौथा.

समईकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, पण अंगठा थांबवायचं धाडस झालं नाही. तो माझा अंगठा असल्यासारखं वाटतच नव्हतं. आई होती तेव्हा जपाला शेजारी बसायची, आणि एकदा मंगळवारी, मौन नसताना, म्हणाली होती, "नलू, तुझो मणी खंय अडाकता गो?" मी म्हटलं, दोऱ्याला गाठ असेल. माळ नवीन ओवून आणली. तरी चौथ्याला अंगठा अडायचा. मग मला वाटलं की ही माझी रीत. पुढे पुढे तर वाटू लागलं की नामाचीच ही चाल असेल. तीनदा घ्यावं आणि चौथ्यांदा घेण्याआधी देवाला क्षणभर वाट पाहू द्यावी. एका बाईने देवळात विचारलं होतं, "तुमचे गुरू कोण? जप फार संथ आहे तुमचा." आता त्या बाईला काय सांगू, की माझा गुरू इंग्लंडातल्या गिरणीच्या गावातला, सर्दी झालेला एक ढोलवाला? ते गाणं त्यांना अल्बमात घ्यावंसंही वाटलं नव्हतं. तबकडीची मागची बाजू कोरी राहू नये म्हणून त्याने एका दुपारी काठ्या उचलल्या असतील. थकला असेल, म्हणून चौथा ठोका उशिरा पडला असेल. आणि तो उशीर समुद्र ओलांडून, मालाडच्या कॅसेटवाल्याच्या टोपलीतून, माझ्या भावाच्या हट्टातून, माझ्या गप्प बसण्यातून येऊन माझ्या अंगठ्यात बसला. इतक्या वर्षांत मी देवाचं जेवढं नाव घेतलं, तेवढं त्याच्या तालावर घेतलं. लाज वाटायला हवी होती का? मी मनात चाचपून पाहिलं. लाज सापडली नाही. देवळाच्या मागच्या भिंतीला कपाळ टेकल्यावर जे वाटतं, दगड गार असतो आणि तरी आतून कुणीतरी टेकून उभं आहे असं, ते वाटलं. मला रडू आलं. मौनात रडलेलं चालतं, आईच म्हणायची.

"आई?" ऋतिका हलकेच म्हणाली. "काय होतंय?"

मी डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं आणि तिचा तळवा गोमुखीवरून ठेवला. तिला मणी सरकताना जाणवले. ती आधी गोंधळली. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "अय्या," ती म्हणाली, "हे तर सेम आहे!" आणि नंतर कुजबुजत, "आई, हे तू आत्ता करतेयस, की...?" मी मान हलवली. आत्ता नाही, बाळा. कायमचं.

गाणारा आला, गायला, संपला. पुन्हा कुणीतरी खोकलं. मी खूण करून मोबाईल बंद करायला लावला.

मग मला मालाडच्या हॉस्पिटलातली ती दुपार आठवली. विसरले कधीच नव्हते, पण आता ती दार उघडून समोर आली. सुबोधचा डावा कान पूर्वीच गेलेला. उजव्या कानामागेही तशीच गाठ निघाली होती, आणि ती काढली की तोही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तो खाटेवर मांडी घालून बसला होता, उजव्या कानात इअरफोनचं बोंडूक घालून. मला वाटलं, आवडीचं मोठं काहीतरी ऐकत असेल, अखेरचं म्हणून. त्याने ते बोंडूक काढून माझ्या कानात घातलं. खोकला, खुर्ची. "बघ ना," तो म्हणाला, "एवढी गाणी आहेत जगात, आणि मी कुणाच्या खोकल्याला निरोप देतोय." मग म्हणाला, "ताई, उद्यापासून हे माझ्याकडून जाईल. पण तू ऐकलंयस सगळं. तुझ्याकडे राहू दे. अधूनमधून सांगत जा मला."

"सांगीन," मी म्हटलं.

"सांगशील कसं पण?" तो हसला. "तुला साधी शिट्टी येत नाही."

"सांगीन म्हटलं ना, सुब्या."

ह्यांनी नंतर मला विचारलं होतं, "असलं कसलं वचन देतेस तू? बहिऱ्याला गाणं?" घेतलेला नेम पुरा कसा होणार, हे घेताना कुठे माहीत असतं! पण ऑपरेशन झालं, तो शुद्धीवर आला, घरी आला, आणि मी त्याच्यासमोर बसून तोंडाने सांगायला लागले, ओठ नीट हलवत, सावकाश. त्याने मान फिरवली. फार मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "नको, ताई! तोंडं हललेली बघवत नाहीत मला. मासे दिसता तुम्ही सगळे." हा मोबाईल त्याने माझ्या हातात कोंबला, नुसतं घड्याळ बघायला एवढा कशाला हवा म्हणून, स्वतःला एक साधा घेतला, आणि पास्कलकडे निघून गेला. पास्कल त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. गोराईला त्याची वाडी आहे, माडांत एक मोकळी खोली. तिथे कुणी काही ऐकायला लावत नाही, असं सुबोध म्हणाला. परवा पास्कलचा फोन आला होता. "नलूबाय, जेवतो नीट. हसतो पण. भाजीला पाणी घालतो. पण माणूस घरात नाय. तू येऊन बघ एकदा." मी जाऊन काय करणार होते? तोंड हलवणार होते.

जप पुरा करून उठले. माळ मेरुमण्याशी आणून गोमुखीत ठेवायची, गोमुखी देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवायची, हे मी न बघता करते. आज हात कप्प्यापर्यंत गेला आणि थांबला. चौथ्या मण्यासारखाच. माझ्या मनात जे आलं होतं ते करता येत नाही. जपाची माळ दुसऱ्याच्या हातात देऊ नये. दाखवूसुद्धा नये, म्हणून तर ही पिशवी. आईची माळ तिच्याबरोबर गेली. तिने ती मलाही कधी हातात धरू दिली नव्हती. इतक्या वर्षांचं नाम त्या मण्यांवर आहे, ते दुसऱ्याच्या बोटाला लागलं तर जातं, असं म्हणतात. आणि सुबोध तर देव मानत नाही. नेम मोडणं म्हणजे काय, ते नेम न करणाऱ्याला सांगता येत नाही. कठड्यावरचा हात काढायचा आणि जिना उतरायचा.

कप्प्याच्या शेजारी, स्वयंपाकाच्या ओट्यावर शेजारच्या कल्पिताचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. काल तिने त्यातून अळूवडी पाठवली होती. मी तो उचलला, पुसला, आणि हात आपोआप साखरेच्या बरणीकडे गेला. आईचं ठरलेलं होतं, "रिकामो डबो परत देव नये गो." घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. गिरणीच्या संपातही आमच्या घरून रिकामा डबा कुणाकडे गेला नाही. मी साखरेत चमचा घातला आणि मला एकदम हसू फुटलं. तबकडीची मागची बाजू! कोरी कशी पाठवणार, म्हणून काहीतरी टाकतात. त्या चौघांच्या आयांनीही त्यांना हेच शिकवलं होतं की काय? आणि सुबोधने सोमवारमागून सोमवार आणून माझ्या हातावर जो डबा ठेवला, तो? तो मी अजून परत केलेलाच नव्हता. आपल्या बहिणीने मौनात सहन केलं, एवढंच त्याला वाटत असेल. ती चाल कुठे जाऊन बसली हे त्याला ठाऊक नाही. मला तरी आज सकाळपर्यंत कुठे ठाऊक होतं? आणि तो तिकडे माडांखाली बसून खुर्चीनंतर काय, खुर्चीनंतर काय, करत शोधतोय.

मी कल्पिताचा डबा साखर घालून झाकला. गोमुखी पर्समध्ये ठेवली. पायांत चपला घातल्या.

"कुठे?" हे खुर्चीतून उठले. मी खाडीकडच्या खिडकीकडे बोट केलं आणि हाताने होडी वल्हवून दाखवली.

"गोराईला? आज? अगं, सोमवार आहे! तो बहिरा, तू मुकी. बोलणार काय तुम्ही दोघं?"

मी पर्स उघडून गोमुखी दाखवली. ऋतिकाने मघाशी काय ते त्यांना सांगितलं असावं, कारण नेहमीची थट्टा त्यांच्या ओठांशी आली आणि तिथेच राहिली. लग्न झाल्यापासून त्या माळेला ह्यांनी कधी हात लावलेला नाही. एकदा कपाट हलवताना गोमुखी खाली पडली होती, तर मला हाक मारली होती उचलायला.

"त्याच्या हातात देणार?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

"चालतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसे हात केले.

"बरं," हे म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "बरं. ऊन फार आहे, छत्री ने. आणि साल्याला सांग..." मग स्वतःच हसले. "सांगणार कशी! असो. माझ्या वाटचा एक मणी जास्त ओढ."

कल्पिताच्या दाराशी डबा दिला. ती म्हणाली, "काकू, साखर कशाला हो दर वेळी!" मी तिच्या गालाला हात लावला आणि जिना उतरले. बाहेर ऊन चढलेलं, गुलमोहराखाली कुत्री आडवी झालेली. मनात सगळं आखून झालं होतं. खोलीच्या दारात उभी राहीन. तो तोंडाकडे बघायला लागेल, मासा दिसेल म्हणून घाबरेल. पण आज माझं तोंड हलणार नाही. सोमवार आहे. आज प्रथमच आम्ही दोघं सारखे असू. मग त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, आधी खोकायचं, खांदे हलतील असं, त्याला दिसेल असं. मग त्याची खुर्ची जराशी ढकलायची. मग त्याचा उजवा हात ओढून घ्यायचा, गोमुखीत घालायचा, माळ त्याच्या मधल्या बोटावर टाकायची आणि वर माझा अंगठा. पुढचं त्या ढोलवाल्याकडे आणि देवाकडे.

रिक्षा थांबली. "किधर, काकी?" मी जेट्टीच्या दिशेला हात केला आणि बसले. गोमुखी काढून मांडीवर घेतली, हात आत घातला. माळ बोटावर घेतली नाही. पहिला मणी नुसता अंगठ्याखाली दाबून धरला, आणि मधलं बोट बाजूला मिटून घेतलं. तेवढी जागा सुबोधच्या बोटाला लागणार होती.